वाऱ्यावर चालणारी आरागिरणी: झान्स स्खान्स ते आयल्स्ट, मोटारीने दोन दिवस

नेदरलँड्समध्ये मोटारीने फिरायला निघालेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या यादीत पवनचक्की असते, पण बहुतेकांच्या वाट्याला ती पुलावरून काढलेल्या एका छायाचित्रापुरतीच येते. त्या चक्क्यांपैकी काही धान्य दळत नाहीत, पाणीही उपसत नाहीत. त्या ओंडके चिरून फळ्या पाडतात. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर त्या आरागिरण्या आहेत, आणि हे पुष्कळांना तिथे उभे राहूनही कळत नाही. मलाही पहिल्या खेपेस कळले नव्हते. जुलैतल्या एका निर्वात दुपारी सहलीच्या बसमधून उतरलो, चाळीस मिनिटे मिळाली, पाती जागच्या जागी उभी होती आणि आतल्या गृहस्थांनी दोन्ही हात पसरून वारा नसल्याचे खुणेनेच सांगितले. दुसऱ्या खेपेस गाडी स्वतःच्या ताब्यात होती आणि दिवस वारा पाहून ठरवला होता. त्या दिवशी जे दिसले, ते इतरांना पहिल्याच खेपेस दिसावे, यासाठी हा लेख लिहीत आहे.

यातला मार्ग सोपा आहे. पहिला दिवस ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेला झान नदीकाठी वसवलेल्या झान्स स्खान्स या ठिकाणच्या दोन आरागिरण्यांसाठी ठेवावा. दुसऱ्या दिवशी ए७ हा महामार्ग धरून, समुद्र अडवणारा मोठा बांध ओलांडून, फ्रीसलँड प्रांतातल्या आयल्स्ट या लहानशा गावातली तिसरी गिरणी पाहावी. सगळे मिळून अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे.

जाण्याआधी एवढे माहीत असावे

सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत हॉलंडमध्येही लाकूड हातानेच चिरत असत. ओंडका उंचावर ठेवायचा, एक माणूस वर आणि एक खाली, दोघांच्या मध्ये लांब करवत. आपल्याकडेही यंत्रे येईपर्यंत घराच्या तुळया आणि फळ्या अशाच पाडल्या जात. ऑइतखेस्ट गावच्या कोर्नेलिस कोर्नेलिसझोन या शेतकऱ्याने १५९३ मध्ये वाऱ्यावर लाकूड चिरण्याच्या युक्तीचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळवले आणि पुढच्याच वर्षी वाऱ्यावर चालणारी आरागिरणी उभी केली. ती तराफ्यावर बांधलेली होती. वारा फिरला की आख्खा तराफाच वळवायचा. साठ ओंडके हाताने चिरायला १२० दिवस लागत, तेच काम वाऱ्यावर चार-पाच दिवसांत होऊ लागले, असा हिशोब तिथे नेहमी सांगितला जातो.

ॲम्स्टरडॅममधल्या हाताने लाकूड चिरणाऱ्या कारागिरांच्या संघाने या यंत्राला कडाडून विरोध केला आणि धंदा शहराबाहेर झान नदीच्या काठी गेला. तिथे असा संघ नव्हता, वारा मोकळा होता आणि स्कँडिनेव्हियाचे, बाल्टिकचे व ऱ्हाइन नदीतून येणारे जर्मन लाकूड थेट पाण्यातून गिरणीच्या दारात आणता येत होते. ऐन भरभराटीच्या काळात या टापूत सुमारे ६०० पवनचक्क्या एकाच वेळी चालत होत्या. तेल, रंग, कागद, मोहरी अशी नाना कामे त्या करत, पण जहाजबांधणीला खरा हातभार लावला तो आरागिरण्यांनी. रशियाचा झार पीटर १६९७ मध्ये जहाजबांधणी शिकायला याच टापूतल्या झानदाममध्ये येऊन राहिला होता, तो उगाच नाही.

वेंगुर्ल्याची डच वखार पाहिलेल्या वाचकाला इथे एक धागा सापडेल. सतराव्या शतकात डच कंपनीची जहाजे कोकणच्या किनाऱ्याला लागत. ती ज्या देशात बांधली जात, तिथे जहाजांच्या फळ्या पाडण्याचे काम अशाच गिरण्यांकडे आले होते. मराठीत व्यापाऱ्याच्या कोठीलाही वखार म्हणतात आणि लाकडाच्या अड्ड्यालाही वखारच म्हणतात. झान नदीच्या काठी उभे राहिले की हे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात.

पहिली पायरी: दिवस वाऱ्यावरून ठरवावा

या सहलीतली सर्वांत महत्त्वाची तयारी हीच आहे आणि बहुतेक जण तीच करत नाहीत. हॉटेल, गाडी आणि तिकिटे आधी ठरतात, आणि वारा त्या दिवशी असेल तसा पदरी पडतो. गिरणी मात्र वाऱ्यावर चालते, आपल्या वेळापत्रकावर चालत नाही. म्हणून चार-पाच दिवसांच्या मुक्कामात झान्स स्खान्सचा दिवस मोकळा ठेवावा आणि दोन दिवस आधी हवामानाचा अंदाज पाहून तो पक्का करावा. डच हवामान संस्थेच्या, म्हणजे केएनएमआयच्या, अंदाजात वाऱ्याचा जोर बोफर्ट मापात दिलेला असतो. पाती नुसती फिरायला हलका वारा पुरतो, परंतु ओंडक्यात करवत चालवायला जोर लागतो. चार ते सहा बोफर्टचा दिवस मिळाला तर उत्तम. त्याहून फार जोराचा वारा किंवा गडगडाटी पाऊस असेल तर गिरणी सुरक्षेसाठी थांबवली जाते. त्यामुळे फार वाऱ्याचा दिवसही कामाचा नसतो.

ऋतूंचा विचार केला तर उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, पण वारा लहरी आणि गर्दी अफाट असते. वसंत आणि शरद हे दोन्ही ऋतू मला अधिक योग्य वाटतात, मग थोडी थंडी सोसावी लागली तरी चालेल. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी राष्ट्रीय पवनचक्की दिन असतो. त्या दोन दिवसांत एरवी बंद असणाऱ्या शेकडो चक्क्या लोकांसाठी उघडतात. आपली सहल त्या सुमारास असेल तर मार्ग त्याच तारखांभोवती आखावा.

आणखी एक लक्षात ठेवावे. चक्कीची पाती फिरत आहेत म्हणजे आत लाकूड चिरले जात आहेच, असे नाही. पुष्कळदा यंत्रणा झिजू नये किंवा गंजू नये म्हणून ती रिकामीच फिरवतात. निघण्यापूर्वी गिरणीच्या संकेतस्थळावर उघडण्याच्या वेळा पाहाव्यात आणि शक्य असेल तर एक छोटा ईमेल पाठवून त्या दिवशी चिरणीचे काम आहे का, हे विचारावे. डच माणसे अशा ईमेलला थोडक्यात, पण सरळ उत्तर देतात.

दुसरी पायरी: गाडी आणि रस्ता

भारतातून पर्यटक म्हणून जाणाऱ्यांनी आपल्या वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही न्यावा, कारण भाड्याची गाडी देणाऱ्या कंपन्या तो बहुधा मागतात. तिथे नोकरीसाठी राहायला गेलेल्यांना भारतीय परवाना नोंदणीपासून १८५ दिवसच चालतो, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. द्रुतगती मार्गांवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी १०० किलोमीटर असते. काही टप्प्यांवर ती वेगळी असल्याने पाटीवरच विश्वास ठेवावा. गावात शिरल्यावर खरी दक्षता सायकलस्वारांची घ्यावी लागते. उजवीकडे वळताना आरशात पाहून भागत नाही, मान वळवून पाहावे लागते. शिवाय हा कालव्यांचा देश असल्याने बोटीसाठी पूल उचलला गेला की दहा मिनिटे थांबावे लागते. अशा वेळी गाडीचे इंजिन बंद करून सगळे शांतपणे बसून राहतात. आपणही तसेच करावे.

झान्स स्खान्स ॲम्स्टरडॅमपासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे आणि तिथे मोठा, पैसे भरून वापरायचा वाहनतळ आहे. सकाळी नऊच्या आत पोहोचावे, हे आग्रहाने सांगतो. साडेदहानंतर सहलीच्या बसगाड्या येऊ लागतात आणि बांधावरच्या अरुंद रस्त्यावर चालणेही कठीण होते. ॲम्स्टरडॅममध्येच मुक्काम असेल तर पहिल्या दिवशी गाडी न नेता झानदायक झान्स स्खान्स या स्थानकापर्यंत आगगाडीने जाणे स्वस्तही पडते आणि सोयीचेही होते. गाडी मग दुसऱ्या दिवसापासून घ्यावी.

वाहनतळावर दार उघडताच भाजलेल्या कोकोचा वास येण्याची शक्यता आहे. या भागात कोकोवर प्रक्रिया करणारे मोठे कारखाने आहेत. आपल्याला हव्या असलेल्या लाकडाच्या भुशाच्या वासाशी त्याची गफलत करू नये.

झान्स स्खान्स हे मूळचे गाव नाही. १९६० च्या दशकापासून आसपासच्या टापूतली जुनी लाकडी घरे आणि चक्क्या उचलून इथे आणून बसवल्या. तरीही त्या हिरव्या घरांत माणसे खरोखर राहतात, म्हणून खिडकीतून डोकावणे किंवा कोणाच्या अंगणात शिरून छायाचित्र काढणे टाळावे. प्रवेशाची पद्धत आणि तिकिटांचे दर बदलत असतात. ते निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावेत. कार्डाने पैसे देण्याची तयारी ठेवावी, कारण रोख रक्कम अनेक ठिकाणी घेत नाहीत.

तिसरी पायरी: ओंडक्याच्या मागे चालावे

नदीकाठाने उत्तरेकडे चालत गेले की मसाल्याची, रंगाची, तेलाची अशा चक्क्या लागतात. गर्दी मुख्यतः रंगाच्या चक्कीपाशी, म्हणजे ‘दे कात’पाशी थांबते. तिथे न अडकता पुढे सहा कोनी उंच गिरणीपर्यंत जावे. तिचे नाव ‘हेत योंगे स्खाप’, म्हणजे तरुण मेंढी. मूळ गिरणी १६८० ची होती आणि ती १९४२ मध्ये पाडली गेली. पाडण्यापूर्वी तिची तपशीलवार मोजमापे घेऊन आराखडे काढून ठेवलेले होते. त्यांच्या आधारे ती पुन्हा बांधली गेली आणि २००७ मध्ये सुरू झाली. ‘म्हणजे नवीच की’ असे म्हणून काही जण पाठ फिरवतात. मला मात्र ही नवी गिरणीच अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यातला प्रत्येक सांधा आजच्या सुताराने जुन्या रीतीने जुळवून पाहिलेला आहे.

आत शिरल्यावर लगेच वर चढण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी गिरणीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या बाजूला जावे. तिथे ओंडके पाण्यात तरंगत असतात. लाकूड पाण्यात मुरवले की त्यातला चीक धुऊन निघतो, ते पुढे कमी तडकते आणि कमी किडते. कोकणात मांडवासाठी तोडलेला बांबू वहाळात बुडवून ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे. ओंडक्याची कापलेली टोके नीट पाहावीत, कारण वर्षांची वलये तिथेच मोजता येतात आणि मधला गडद गाभा व बाहेरचे फिके लाकूड यांतला फरक तिथेच कळतो. थोड्या वेळाने वरून हेच लाकूड फळीच्या रूपात पाहाल तेव्हा ही ओळख उपयोगी पडते.

पाण्यातून उतरणीवरून ओंडका वर ओढला जातो. हे ओढण्याचे कामही वारा करतो. दोराचा रहाट त्याच यंत्रणेला जोडलेला असतो आणि भिजलेले, काळेशार लाकूड पाणी निथळत हळूहळू चिरणीच्या मजल्यावर येते. आता तुम्हीही वर जावे.

चिरणीच्या मजल्यावर एका कडेला उभे राहून पहिली पाच मिनिटे काहीही न टिपता नुसते पाहावे. समोर तीन उभ्या लाकडी चौकटी एकामागून एक वरखाली होत असतात. प्रत्येक चौकटीत करवतीची पाती ताणून बसवलेली असतात. एका चौकटीत जितकी पाती, तितके काप एकाच फेरीत पडतात. फळीची जाडी दोन पात्यांमधल्या अंतरावर ठरते आणि ते अंतर मध्ये लाकडी ठोकळे व पाचरी घालून राखलेले असते. कापण्याचे काम पाते खाली येताना होते; वर जाताना ते मोकळे जाते. म्हणून आवाजातही एक आड एक जड आणि हलका ठेका असतो. आपल्याकडच्या विजेच्या आरागिरणीतल्या पट्ट्याच्या करवतीचा कर्कश सूर डोक्यात असेल, तर इथला आवाज ऐकून नवल वाटेल. तो करवतीपेक्षा जुन्या मागाच्या खडखडाटाला जवळचा आहे, आणि त्यात शेजारच्या माणसाशी बोलताही येते.

हे सारे चालते कसे, ते समजून घ्यायला पायाने चालवायचे शिवणयंत्र आठवावे. तिथे पाय वरखाली होतो आणि चाक गोल फिरते. इथे नेमके उलटे होते. डोक्यावर पाती गोल फिरतात, त्यांचा आस दाते असलेल्या प्रचंड लाकडी चाकाला फिरवतो, ते चाक उभ्या खांबाला, आणि खांब खालच्या चाकामार्फत आडव्या भुजादंडाला, म्हणजे क्रँकशाफ्टला, फिरवतो. भुजादंडाला तीन ठिकाणी बाक दिलेला असतो आणि प्रत्येक बाकाला एक चौकट दांड्याने टांगलेली असते. दंड गोल फिरला की चौकट वरखाली होते. तीन बाक वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे एक चौकट खाली येते तेव्हा दुसरी वर जात असते, आणि सगळा भार एकदम वाऱ्यावर पडत नाही. कोर्नेलिसच्या गिरणीतली मुख्य युक्ती नेमकी हाच भुजादंड होती.

यापुढचा भाग बारकाईने पाहावा, कारण तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ओंडका करवतीकडे कोण ढकलतो? माणूस ढकलत नाही. ओंडका एका सरकत्या गाड्यावर पक्का केलेला असतो. बाजूला बारीक दात्यांचे एक लोखंडी चाक आणि त्यावर टेकलेला एक खटका असतो. चौकटीच्या दर हेलकाव्याला खटका त्या चाकाला एक-दोन दाते पुढे लोटतो आणि गाडा तेवढाच, केसभर म्हणावा इतका, पुढे सरकतो. वारा वाढला की हेलकावे वाढतात आणि गाडाही आपोआप वेगाने सरकतो. वारा पडला की दोन्ही मंदावतात. करवतीचा वेग आणि लाकडाचा वेग यांचा मेळ कोणालाही घालावा लागत नाही. खटक्याकडे वाकून पाहताना मला घरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक आठवली, आणि नंतरचा अर्धा तास मी तिथून हललो नाही.

नाकालाही काम द्यावे. ओल्या ओकचा आंबूस, शाईसारखा वास, पाइनचा राळेचा वास, आणि त्यात मिसळलेला चरबीचा व मेणाचा वास येतो. चौकटी ज्या खोबणींतून वरखाली होतात तिथे डुकराची चरबी आणि चाकांच्या लाकडी दात्यांना मधमाश्यांचे मेण लावण्याची जुनी रीत आहे. शाकाहारी मंडळींना हे आधी सांगून ठेवलेले बरे, कारण आमच्या एका आत्यांनी कौतुकाने त्या खांबावर हात ठेवला होता आणि मग दिवसभर तो हात त्या जपून धरून होत्या.

चौथी पायरी: दुसरी गिरणी

परत येताना ‘दे खेक्रोन्दे पूलेनबुर्ख’ पाहावी. ही १८६९ ची आहे आणि तिचा घाट वेगळा आहे. तरुण मेंढीचे फक्त डोके, म्हणजे वरची टोपी, वाऱ्याकडे वळते. इथे खालच्या रोलरांच्या कड्यावर संपूर्ण गिरणीच, चिरणीच्या मजल्यासकट, वळते. या घाटाच्या गिरण्या देशात आता पाचच उरल्या आहेत. ती बंद असली तरी बाहेरून तिचे बुड नीट पाहावे. एवढे मोठे घर माणसे कशी वळवत असतील, याचा अंदाज तिथेच येतो.

पाचवी पायरी: सांभाळून वावरणे

फिरणाऱ्या पात्यांची टोके अनेक चक्क्यांमध्ये जमिनीच्या अगदी जवळून जातात आणि ती जवळजवळ आवाज न करता येतात. दोरी किंवा कुंपण ज्या बाजूला आहे, तिच्या आत छायाचित्रासाठीही जाऊ नये आणि लहान मुलाचा हात सोडू नये. आत ओढणी, पदर, उपरणे, लांब मफलर असे काहीही मोकळे सोडू नये, केस बांधावेत. जिने शिडीसारखे उभे असतात. उतरताना पाठ बाहेरच्या बाजूला आणि तोंड जिन्याकडे ठेवून, दोन्ही हातांनी धरून उतरावे. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना वर नेण्याचा आग्रह धरू नये. पाण्याकडचे ओंडके आणि खालच्या पातळीवरून दिसणारे कामही पुष्कळ काही सांगते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी भुशाचा विचार करून मुखपट्टी सोबत ठेवावी.

सहावी पायरी: चक्कीवाल्याशी बोलणे

पवनचक्की चालवणाऱ्याला डच भाषेत ‘मोलेनार’ म्हणतात. देशातल्या हजाराहून अधिक चक्क्यांपैकी बऱ्याच चक्क्या आज स्वयंसेवक चालवतात. त्यांचा संघ १९७२ मध्ये स्थापन झाला आणि तो प्रशिक्षण देतो. २०१७ मध्ये युनेस्कोने या कौशल्याची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. म्हणजे समोर तेलकट कपड्यांत उभा असलेला गृहस्थ एखादा निवृत्त शिक्षक किंवा अभियंता असू शकतो, आणि त्याला बोलायला मनापासून आवडते. फक्त ओंडका करवतीत शिरत असताना किंवा तो ब्रेकच्या दोराजवळ असताना प्रश्न विचारू नये.

‘ही चक्की किती जुनी आहे’ हा प्रश्न त्याला दिवसातून पन्नास वेळा ऐकावा लागतो. त्याऐवजी आज कोणते लाकूड लावले आहे, ही फळी कोणासाठी पाडली जात आहे, वारा अचानक वाढला तर आधी काय करता, पात्यांवरचे शिडाचे कापड आज किती उलगडले आहे, असे विचारावे. शेवटच्या प्रश्नावर तो बहुधा तुम्हाला बाहेर नेतो. पात्यांच्या लाकडी जाळीवर कापड गुंडाळून किंवा उलगडून वाऱ्याचा जोर कमी-जास्त घेता येतो, हे तो हातवारे करून दाखवतो. चक्की थांबवताना पाती कोणत्या कोनात उभी करायची, याचीही एक भाषा आहे. पाते माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी थांबवले तर घरात आनंदाची बातमी आहे, माथा ओलांडून थांबवले तर शोक. हे एकदा कळले की पुढच्या रस्त्यावर दिसणारी प्रत्येक थांबलेली चक्की वाचायचा छंद लागतो, आणि गाडी चालवणाऱ्याने तो आवरलेला बरा.

सातवी पायरी: ए७ वरून आयल्स्टला

दुसऱ्या दिवशी ए७ धरून उत्तरेकडे निघावे. होर्नच्या पुढे वस्ती विरळ होते आणि मग ‘अफस्लाउटदाइक’ हा ३२ किलोमीटरचा बांध येतो. १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या या बांधाने एका खाऱ्या समुद्राचे गोड्या पाण्याचे सरोवर केले. बांध जिथे शेवटी सांधला गेला, तिथे एक मनोरा आणि थांबण्याची जागा आहे. तिथे उतरून दोन्ही बाजूंचे पाणी पाहावे आणि वाऱ्याचा जोर अंगावर घ्यावा, म्हणजे आदल्या दिवशीच्या करवती कशावर चालत होत्या हे शरीरालाच कळते. गाडीचे दार उघडताना ते हातात घट्ट धरावे. भाड्याच्या गाडीचे दार वाऱ्याने उलटे फिरले, तर विमा ते नुकसान भरून देईलच असे नाही. बांधावर दुरुस्तीची कामे निघत असतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्ता खुला असल्याची खात्री करावी.

बांध उतरल्यावर त्याच रस्त्याने स्नेक शहर येते आणि त्याला लागूनच आयल्स्ट. इथल्या आरागिरणीचे नाव ‘दे रात’, म्हणजे उंदीर. ही मूळची झान टापूतलीच गिरणी. १८२८ मध्ये ती सुटी करून इथे आणून उभारली. कालच्या गर्दीनंतर इथली शांतता प्रथम चुकल्यासारखी वाटते. पाण्यात ओंडके, काठावर रचलेल्या फळ्या, एखादे बदक आणि आपण. ती रोज उघडी नसते, त्यामुळे इथे येण्याचा वार गिरणीच्या वेळेनुसारच ठरवावा. चक्कीवर निळी पताका लावलेली दिसली तर आत येण्याचे आमंत्रण आहे, असे समजावे.

सुतारकामाची आवड असणाऱ्यांना या गावाचे आणखी एक आकर्षण वाटेल. १८६५ मध्ये स्थापन झालेला नोइतखेदाख्त हा कारखाना इथलाच. रंधे, पटाशा, बर्फावर घसरण्याच्या लाकडी स्केट्स आणि लाकडी खेळणी तो बनवत असे. युरोपातल्या जुन्या बाजारांत या नावाचा छाप असलेला रंधा आजही हाती लागतो. आमच्याकडे एक आहे. त्याचे पाते अजून धार धरते.

शेवटी, लाकूड घरी आणताना

गिरणीत फळीचे उरलेले तुकडे, पोळपाटाएवढे पाट किंवा लहान ठोकळे विकायला असतील, तर घ्यावेसे वाटणारच. युरोपातच राहणाऱ्यांना अडचण नाही. फक्त ताजे चिरलेले लाकूड ओले असते, ते गाडीच्या आसनावर न ठेवता खाली जुना कागद घालून आडवे ठेवावे आणि घरी महिनोन्महिने सावलीत, हवा खेळेल असे उभे करून वाळवावे. भारतात परतणाऱ्यांनी साल असलेले किंवा कच्चे लाकूड मुळीच घेऊ नये. लाकूड आणण्यावर आपल्याकडे वनस्पती संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियम आहेत, आणि विमानतळावर तो तुकडा सोडून यावा लागला तर जिवाला लागते. पूर्ण तयार केलेली, वाळलेली आणि तेल पाजलेली वस्तू घ्यावी, तिची पावती सोबत ठेवावी आणि विचारणा झाली तर ती स्वतःहून दाखवावी. भुसा मात्र बुटांच्या शिवणींत अडकून येतोच. तो उतरण्यापूर्वी झटकून टाकावा.